कडक गादी, दुखरा खांदा आणि बधिर बोटं : एका पलंगाचं प्रकरण

पाठ दुखते म्हणून जुनी कापसाची गादी माळ्यावर टाकली आणि दुकानदाराने दाखवलेली सर्वांत कडक गादी घरी आणली. चार महिन्यांनंतर पाठ होती तशीच राहिली. वर उजवा खांदा रात्री झोपमोड करू लागला, खुब्याचं हाड दाबलं तरी दुखायला लागलं आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या येऊ लागल्या. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घरांची संख्या कमी नाही. खाली मांडलेलं प्रकरण कुणा एका ओळखता येईल अशा व्यक्तीचं नाही. सारख्या तऱ्हेच्या तक्रारी एका घरात बसवून ते उभं केलं आहे. मापं आणि वजनं अशा बांध्याच्या माणसांत सहज आढळतात तशीच घेतली आहेत.

घर आणि पलंग

घर नाशिकचं, वर गच्ची असलेलं. बाई शाळेत शिक्षिका, वय ४९, उंची ५ फूट २ इंच, वजन ६८ किलो. पतींचं वजन ८१ किलो. त्यांची नव्या गादीबद्दल काहीच तक्रार नाही, आणि ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

पलंग ६ बाय ६ फुटांचा, सामान ठेवायच्या कप्प्याचा. वर १२ मिलिमीटर प्लायची दोन झाकणं, दोन्ही मधोमध एकमेकांना भिडतात. त्यावर ५ इंची गादी : खाली ४ इंच रबर मारलेला काथ्या, वर १ इंच फोम. कव्हरवर 'ऑर्थोपेडिक' असा शिक्का. हा शब्द गादीवर छापायला कुठलं एक ठरलेलं माप पूर्ण करावं लागत नाही, त्यामुळे त्यावरून काहीही ठरवू नये. सासूबाईंचा सल्ला वेगळाच होता : "चार दिवस खाली चटईवर पड, पाठ आपोआप सरळ होईल." बाईंनी तेही करून पाहिलं. पाठीला किंचित बरं वाटलं, खांद्याचं दुखणं दुप्पट झालं.

तक्रारी चार. सकाळी उठल्यावर कंबर १५ ते २० मिनिटं आखडलेली, चालू-फिरू लागलं की मोकळी. रात्री दोन-तीनच्या सुमारास उजव्या खांद्याच्या दुखण्याने जाग. उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे कुशीवर झोपलं की गादीला टेकणाऱ्या हाडावर, दाब दिल्यास दुखणं. आणि आठवड्यातून चार-पाच रात्री उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर.

आधी डॉक्टर, मग दुकान

गादी-उशीला हात लावण्यापूर्वी काही गोष्टी वगळाव्या लागतात, कारण चुकीच्या आजारावर उशी बदलण्यात महिने वाया जातात. पाय लुळा पडणं किंवा त्यातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूची जाणीव कमी होणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कर्करोग, कुठल्याही स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं यांतलं काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावं. पहिल्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी. चाळिशीच्या आतल्या माणसाची पाठ सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडत असेल, हालचालीने सुटत असेल आणि विश्रांतीने वाढत असेल, तर मणक्यांच्या संधिवाताची तपासणी हवी.

बाईंच्या वयात खांदा दुखतो म्हटलं की 'फ्रोझन शोल्डर'ची शंका घ्यावीच, विशेषतः मधुमेह असेल तर. त्याची सोपी खूण अशी : कोपर कमरेला चिकटवून ९० अंशांत वाकवायचं आणि दुसऱ्याने मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा. गोठलेला खांदा इथे अडतो, दुसऱ्याने फिरवला तरी अडतो. बाईंचा हात दोन्ही बाजूंना सारखाच फिरला आणि रक्तातली साखरही ठीक निघाली. पायाची ताकद, संवेदना, सगळं जागेवर. तेव्हाच अंथरुणाकडे वळणं योग्य ठरलं.

टिकल्या, कणीक आणि दोरा

झोपेत आपण कसे असतो हे माणूस स्वतः नीट सांगू शकत नाही. 'मी उताणीच झोपते' म्हणणाऱ्या बाई प्रत्यक्षात रात्रीचा मोठा भाग उजव्या कुशीवर होत्या. हे कळलं ते आठ दिवस पतींनी जाग येईल तेव्हा उशाजवळच्या वहीत एक-दोन अक्षरांत टिपून ठेवलं म्हणून : उ, डा, उता, पा. उजवीच कूस का, याचं उत्तर खोलीतच होतं. त्या पलंगाच्या उजव्या कडेला झोपत, मोबाइलचं चार्जिंग त्याच बाजूला, आणि डाव्या बाजूला पतींचं घोरणं.

मग कणा पाहिला. मानेच्या मुळाशी जो मणका बोटाला ठळक लागतो तिथपासून माकडहाडापर्यंत पाठीच्या मधल्या ओळीत पाच टिकल्या लावायच्या. आपल्या नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर पाच मिनिटं स्वस्थ पडायचं. लगेच फोटो काढू नये, अंग सैल पडायला तेवढा वेळ लागतो. मागून, गादीच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो घ्यायचा. टिकल्या गादीला समांतर एका रेषेत यायला हव्यात.

बाईंच्या फोटोत रेषा दोन ठिकाणी मोडली होती. खांदा आणि खुबा यांवर सगळा भार, मधली कंबर अधांतरी लोंबलेली; कमरेखालून हात घातला तर अख्खा पंजा अडथळ्याविना आरपार जात होता. आणि वर मान उजवीकडे, म्हणजे गादीच्या दिशेला कललेली.

हाताची ही चाचणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुशीवर असताना कमरेच्या खोबणीत बोटं घासत जायला हवीत. मोकळी गेली तर वरचा थर तुमच्या वजनाला फार कडक. बोटं शिरतच नसतील आणि खुबा खांद्यापेक्षा खाली रुतला असेल तर फार मऊ.

आता उशी. कुशीवर झोपणाऱ्याला लागणारी उंची मोजायची सोपी रीत : भिंतीला दंड टेकवून सरळ उभं राहायचं, नजर समोर, आणि कानाच्या वरच्या बाजूपासून भिंतीपर्यंतचं अंतर दुसऱ्याने पट्टीने मोजायचं. बाईंचं आलं १३ सेंटिमीटर. यातून खांदा गादीत जितका रुततो तेवढं वजा करायचं. काथ्याच्या गादीत त्यांचा खांदा जेमतेम १ सेंटिमीटर रुतत होता. म्हणजे उशी डोकं ठेवल्यावर १२ सेंटिमीटर राहायला हवी.

'डोकं ठेवल्यावर' हे महत्त्वाचं. दुकानात दिसणारी फुगीर उंची निरुपयोगी आहे. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं, म्हणून कणकेचं ५ किलोचं पाकीट उशीच्या मधोमध ठेवायचं आणि दहा मिनिटांनी त्याच्या खाली उरलेली उंची मोजायची. बाईंची फायबरची उशी रिकामी असताना १४ सेंटिमीटर होती, पाकिटाखाली उरली ६.

इथे साखळी उलगडली. वरचा थर कडक, म्हणून खांदा रुतत नाही. खांदा रुतत नाही म्हणून डोक्याला ६ सेंटिमीटर खड्डा पडतो. तो भरायला झोपेत उजवा हात आपोआप उशीखाली जातो. हात डोक्याखाली गेला की खांदा वर ओढला जातो आणि त्याच्यावरच धडाचा भार येतो. त्यातच कोपर पूर्ण दुमडलेलं, त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस ताणली जाते. करंगळी आणि अनामिका बधिर होतात त्या या नसेमुळे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं असतं तर मनगट दुमडून झोपण्याकडे आणि मनगटात नस दाबली जाण्याकडे पाहावं लागलं असतं. संपूर्ण हातच जड होत असता तर आणखी वेगळा विचार.

पती मात्र उताणे झोपतात. उताण्या माणसाचा भार पाठभर पसरतो, रुतण्याची गरज कमी, म्हणून तीच गादी त्यांना चालते. एकाच पलंगावर एकाला चांगली आणि दुसऱ्याला वाईट, असं होण्यामागे बहुधा झोपायची स्थिती आणि वजन एवढंच असतं.

शेवटचं माप पलंगाचं. गादी काढून झाकणांवर आडवा दोरा ताणून बांधला आणि बाई त्यावर आडव्या झाल्या. मधल्या सांध्याजवळ प्लाय दोऱ्यापासून १८ मिलिमीटर खाली गेला. वर कितीही चांगली गादी टाकली तरी ती याच वाकावर बसणार. गादी 'बसली' म्हणून फेकली जाते, तेव्हा अनेकदा खालची फळी वाकलेली असते.

कडक म्हणजे आधार, हा समज

फळीवर झोपण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत. त्याला धक्का देणारा सर्वांत ठोस अभ्यास स्पेनमध्ये झाला आणि २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्यांच्या पद्धतीने कडक किंवा मध्यम-कडक गादी दिली गेली. कुणाकडे कोणती गेली हे त्यांना माहीत नव्हतं. ९० दिवसांनंतर पडून राहिल्यावरचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दैनंदिन अडचण या तिन्हींत मध्यम-कडक गादीवाल्यांना जास्त फरक पडला. हा अभ्यास खांद्याबद्दल काही सांगत नाही, आणि दुकानातली 'मध्यम' गादी त्या मध्यमशी जुळेलच असंही नाही. पण सर्वांत कडक ती सर्वांत चांगली, या समजाला त्यातून आधार मिळत नाही.

आधार म्हणजे कमरेखालची पोकळी भरून निघणं, आणि त्यासाठी खांदा आणि खुबा थोडे आत जायलाच हवेत. किती आत, ते वजनावर ठरतं. ५० किलोच्या मुलीला जी गादी दगडासारखी वाटते तीच ९० किलोच्या माणसाला मऊ वाटू शकते.

काय बदललं, कुठल्या क्रमाने

क्रम असा ठेवला : पलंग, मग वरचा थर, मग उशी, मग पाय, मग सकाळ. एक बदल केल्यावर निदान आठ-दहा रात्री थांबायचं. सगळं एकाच दिवशी बदललं की कशाने फरक पडला आणि कशाने बिघडलं हे कळत नाही.

घरच्यांनी हा क्रम सुरुवातीलाच मोडला होता. फोटोत मान कललेली दिसली म्हणून त्यांनी आधी १२ सेंटिमीटरची कमानदार 'सर्व्हायकल' उशी आणली. कडक गादीवर ती बरोबर बसली, मानेला आराम पडला. पुढे वरचा थर मऊ केला तेव्हा खांदा साडेतीन सेंटिमीटर आत जाऊ लागला. आता लागणारी उंची साडेनऊ आणि उशी १२ ची. मान उलट्या बाजूला, छताकडे कलली आणि तिसऱ्या सकाळी डावी बाजू धरली. चांगली उशी बाद झाली ती गादी नंतर बदलली म्हणून. उशीची उंची गादीवर अवलंबून आहे, त्यामुळे उशी नेहमी शेवटी घ्यावी.

पलंगाचं काम सुताराने दोन तासांत केलं. मधल्या सांध्याखाली लांबीच्या दिशेने २ बाय दीड इंची सागाची पट्टी, तिला मध्ये एक टेकू, आणि दोन्ही झाकणांखाली आडव्या दोन-दोन पट्ट्या. दोरा पुन्हा ताणला तेव्हा वाक ४ मिलिमीटरवर आला. झाकणांना १ इंच व्यासाची भोकंही पाडून घेतली, प्रत्येकी बारा. कप्प्याच्या पलंगाला खालून हवाच मिळत नाही. रात्रभराचा घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा गादीच्या खालच्या अंगाला साचते. कुबट वास आणि काळे ठिपके तिथूनच सुरू होतात.

वरच्या थरासाठी पहिला प्रयत्न घरातल्याच गादीचा. माळ्यावरची ३ बाय ६ ची जुनी कापसाची गादी पिंजाऱ्याकडे नेली. त्याने उसवून दाखवलं तर आत निम्मा कापूस गाठी झालेला आणि बारीक सरकी मिसळलेली. गाठी काढून, थोडा नवा घालून ६ किलो पिंजलेला कापूस नव्या खोळीत भरला आणि टाके घातले. ताजी असताना ती ४ इंच उंच होती, अंगाला छान बसायची, पहिले दोन आठवडे खांद्याला चांगलाच आराम पडला. मग कापूस दबून अडीच इंचांवर आला आणि नेमका खांदा-खुब्याखाली घट्ट झाला. कापसाचा स्वभावच तो : दबलेला तंतू स्वतःहून वर येत नाही, ऊन आणि झोडपणं लागतं. दर पंधरवड्याला गच्चीवर कडक उन्हात दोन्ही बाजू तापवल्या आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली तर उताणं झोपणाऱ्याला कापसाची गादी आजही उत्तम आहे. हवा खेळती, घाम शोषणारी. कुशीवर झोपणाऱ्या ६८ किलोच्या बाईंना ती पुरली नाही.

दुसरा प्रयत्न नात्यातून आलेल्या २ इंची मेमरी फोमच्या थराचा. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो. डिसेंबरात नाशिकची खोली गार, त्यामुळे झोपताना थर कडक लागायचा आणि अर्ध्या तासाने शरीर त्यात खोल बसायचं. मग कूस बदलताना खड्ड्यातून वर निघावं लागे आणि त्यात जाग येई. निरोगी माणूसही रात्रीत दहा-वीस वेळा सहज स्थिती बदलतो आणि तो बदल बिनत्रासाचा व्हायलाच हवा. उन्हाळ्यात हाच थर गरम लागतो, ही तक्रार वेगळीच.

शेवटी साधा २ इंची फोम घेतला, ३ बाय ६ फूट, ४० डेन्सिटीचा पण सॉफ्ट. या दोन शब्दांची गल्लत फार होते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल. त्यावर टिकाऊपणा ठरतो. मऊ-कडकपणा हे वेगळं माप आहे. ४० डेन्सिटीचा मऊ फोम मिळतो आणि २८ चा कडकही मिळतो. कमी डेन्सिटीचा मऊ फोम दुकानात सुखद वाटतो आणि काही महिन्यांत खांद्याच्या जागी पापडासारखा होतो.

डेन्सिटी लेबलवरून मान्य करू नये, वजनकाट्यावर पाहावी. ७२ बाय ३६ इंच आणि २ इंच जाड तुकड्याचं घनफळ साधारण ०.०८५ घनमीटर. म्हणजे ४० डेन्सिटीचा तुकडा ३.४ किलो भरायला हवा, ३२ चा २.७ आणि २८ चा २.४. पहिला आणलेला तुकडा ४० म्हणून दिलेला होता आणि काट्यावर २.४ किलो भरला. तो परत केला, दुसरा ३.३ भरला, तो ठेवला. १०० ग्रॅमचा फरक कापणीतला असू शकतो, १ किलोचा नाही.

जाडी २ इंचच का? १ इंचात ६८ किलोच्या बाईंचा खांदा आरपार दबून खालच्या काथ्याला टेकतो. ४ इंच मऊ फोम घेतला असता तर खांद्यापेक्षा जड असलेला खुबा जास्त रुतला असता आणि कणा उलट बाजूने वाकला असता. खाली कडक, वर थोडं मऊ, अशी जोडणी कुशीवर झोपणाऱ्यांना बहुधा मानवते.

एक अडचण उरली. बाईंच्या बाजूला २ इंच चढ, पतींच्या बाजूला उतार, मधे पायरी. पतींना मऊ थर नको होता. पिंजून आणलेली ती कापसाची गादी इथे कामी आली : महिनाभरात दबून ती जवळपास फोमच्याच उंचीची झाली होती. त्यांच्या बाजूला ती अंथरली, दोन्हींवर मिळून एकच चादर. एकाच पलंगावर दोन कडकपणा आणि मध्ये पायरी नाही.

उशी, पाय आणि पलंगाची बाजू

साडेनऊ सेंटिमीटरची उशी तयार मिळत नाही, म्हणून भर कमी-जास्त करता येईल अशी घेतली. काटेसावरीच्या कापसाची उशी यासाठी सोयीची. एका बाजूची शिवण चार बोटं उसवायची, कणकेचं पाकीट ठेवायचं, मोजायचं, एकेक मूठ कापूस काढायचा. माप जमलं की शिवायचं. सावरीचा कापूस वर्षभरात दबतो, तेव्हा काढलेला कापूस पिशवीत जपून ठेवावा आणि पुन्हा भरावा. उशी मानेपर्यंत यायला हवी, खांदा मात्र तिच्यावर चढता कामा नये. खांदा उशीवर आला की सगळं मोजमाप फुकट जातं.

पतींसाठीही एक सुधारणा झाली. ते उताणे, पण दोन उशा घेत, त्यामुळे हनुवटी छातीकडे दाबलेली. उताण्या झोपेला ६ ते ८ सेंटिमीटर पुरतात. एक उशी काढली आणि गुडघ्यांखाली लोड दिला. गुडघे थोडे वाकले की मांडीच्या पुढून कमरेच्या मणक्यांना जोडलेला स्नायू सैल पडतो आणि कमरेची ओढ कमी होते. घोरणं उशीने जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. घोरताना श्वास मध्येच थांबत असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी.

बाईंच्या वरच्या पायाचा प्रश्न होता. कुशीवर झोपलं की वरचा गुडघा पुढे घसरून गादीवर टेकतो, त्याबरोबर कटिबंध, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, फिरतो आणि कंबर पिळली जाते. दोन गुडघ्यांमध्ये उशी द्या, असं सगळेच सांगतात. पण लहान उशी फक्त गुडघ्यांत धरली तर घोटा खाली लोंबतो आणि मांडी आतल्या बाजूला फिरते, खुब्यावरचा ताण तसाच राहतो. गोल लोड फार जाड पडतो आणि निसटतोही. इथे सोलापुरी चादर उपयोगी पडली : लांबट घडी, सुमारे १० सेंटिमीटर जाड, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोहोचेल अशी, वर जुनी ओढणी गुंडाळून. एक मऊ उशी छातीशी कवटाळायला दिली, म्हणजे वरचा हात पुढे लोंबून खांदा ओढत नाही.

मग त्यांनी आणि पतींनी पलंगाच्या बाजू बदलल्या. बिनखर्चाचा हा बदल सर्वांत जास्त कामाचा ठरला असावा. आता घोरणं उजवीकडे आणि चार्जर डावीकडे. बाई आपोआप डाव्या कुशीवर वळू लागल्या आणि दुखऱ्या खांद्याला मोकळीक मिळाली. जेवणानंतर आंबट पाणी वर येणाऱ्यांनाही डावी कूस चांगली. उजव्या कुशीवर वळल्याच तर पाठीमागे उशी ठेवून थोडं मागे रेलायचं, म्हणजे भार खांद्याच्या टोकाऐवजी पाठीच्या पात्यावर येतो.

पालथं झोपणं मात्र मोडावंच लागतं. मान तासन्तास एका बाजूला पूर्ण वळलेली राहते आणि पोट खाली जाऊन कमरेची कमान वाढते. सवय सुटेपर्यंत उशी डोक्याखालून काढून ओटीपोटाखाली पातळ घडी द्यावी, हा तात्पुरता मार्ग.

कोपरासाठी जुना टॉवेल सैल गुंडाळून त्यावर मोजा चढवला. घट्ट नाही, फक्त कोपर पूर्ण दुमडू नये इतका.

सकाळचा पहिला तास

अंथरूण सुधारलं तरी सकाळची आखडलेली कंबर बरेच दिवस मागे राहते, आणि त्याचं कारण मणक्यांमधल्या चकत्यांत आहे. रात्री आडवं पडल्यावर दाब कमी होतो, चकत्या पाणी ओढून फुगतात. सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते यामुळे. फुगलेली चकती पुढे वाकताना जास्त ताण घेते. सकाळी लवकर कमरेतून वाकणं टाळल्यास दीर्घकाळची कंबरदुखी कमी होते, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं आहे.

आपल्याकडे नेमकी सगळी वाकायची कामं याच वेळची. नळाला पाणी येतं, बादल्या भरायच्या, केर काढायचा, उंबऱ्याशी रांगोळी, अंथरुणं उचलायची. बाईंच्या घरी केर आणि पाणी पतींनी घेतलं, अंथरूण उचलणं शाळेला निघण्यापूर्वीच्या वेळेवर गेलं. उठायची रीत बदलली : कुशीवर वळायचं, पाय पलंगाबाहेर सोडायचे, खालचं कोपर आणि वरचा तळवा यांवर जोर देऊन बसायचं. उताण्या स्थितीतून झटक्याने उठून बसणं बंद. मग पाच मिनिटं घरातच चालायचं, त्यानंतर चहा.

सहा आठवड्यांनी

खुब्याचं दुखणं गेलं. खांद्यामुळे रोज येणारी जाग आठवड्यातून एकदा, तीही उजव्या कुशीवर गेल्या असतील तेव्हाच. कंबर आखडण्याचा वेळ २० मिनिटांवरून ५ वर. टिकल्यांचा फोटो पुन्हा काढला तेव्हा रेषा सरळ होती, कमरेखाली बोटं घासत जात होती. पहिल्या चार-पाच रात्री नव्या थरावर अंग थोडं अवघडल्यासारखं वाटलं होतं. असं होतं आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत बसतं. नवं तीव्र दुखणं किंवा बधिरपणा सुरू झाला तर मात्र वाट पाहू नये.

देखभालीत फोम आणि कापूस यांचे नियम उलटे आहेत. कापसाला ऊन हवं. फोम आणि लॅटेक्स उन्हात ठेवले की पिवळे पडून चुरा होऊ लागतात. त्यांना सावलीत, वाऱ्यावर, उभं करून ठेवावं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी सगळे थर उभे करून पंख्याखाली अर्धा दिवस. चादरी आणि अभ्रे आठवड्याला धुवावेत, धुळीची ॲलर्जी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात, कारण धूळकिडे कोमट पाण्यात मरत नाहीत. प्लास्टिकचा जलरोधक कागद थेट अंगाखाली घालू नये, घाम जिरत नाही. दर सहा महिन्यांनी कणकेचं पाकीट उशीवर आणि दोरा फोमवर : खांद्याच्या जागी रिकाम्या फोमला एक बोटभर खळगा दिसला की फोम उलटा करून डोक्याची बाजू पायाकडे घ्यावी, तरीही राहिला तर बदलावा.

बोटांचा बधिरपणा आठवड्यातून पाच रात्रींवरून दोनवर आला, पूर्ण गेला नाही. तो आणखी सहा आठवड्यांत थांबला नाही, दिवसाही जाणवू लागला किंवा पंजाची पकड सैल पडली, तर कोपराजवळच्या नसेची विद्युत तपासणी करून घ्यायची, असं ठरलं आहे. तोवर टॉवेल चालू आहे.